काट्याला लावलेली लेक

काटा आणायची कल्पना मोहिनीचीच होती. नंतर सगळे ते विसरले, तिला मात्र विसरता आलं नाही.

विमानात एका बॅगेत तेवीस किलोच्या वर काही चालत नाही, हे तिनं सकाळपासून सगळ्यांना सांगून झालं होतं. पालीच्या त्या घरातलं प्रत्येक माणूस 'बरं बरं' म्हणून बॅगेत आणखी काहीतरी कोंबत होतं. कडूबाईनं, तिच्या मायनं, येसुराची पिशवी स्वेटरांच्या तळाशी दडवली होती. पण भाजलेल्या धान्या-मसाल्याचा वास कुठं दडतो? तात्याबानं आपल्याच मेंढ्यांच्या लोकरीची घोंगडी चौपदरी घडी घालून वर ठेवली होती. मोहिनी ती काढून बाजूला ठेवायची आणि वळून बघेपर्यंत बाप ती मुकाट्यानं परत बॅगेत ठेवायचा.

"बा, हिच्यातच अर्धी बॅग चाललीय."

"थंडी आसती म्हणं तिकडं."

"तिकडं मेंढ्याच मेंढ्या हायत, बा," रामेश्वर, तिचा थोरला भाऊ, दारातून म्हणाला. "ही चाललीय बी मेंढ्यांचंच शिकायला. तिला एक घोंगडी न्हाई देणार व्हय ती लोकं?"

"देतील की," तात्याबा म्हणाला. "आपल्या मेंढीची देतील का?"

घोंगडी राहिली.

स्कॉटलंड. नाव उच्चारताना कडूबाई अजून मध्येच थांबायची. वर्षाचा अभ्यासक्रम होता, शेळ्या-मेंढ्यांच्या साथींचा. सरकारची शिष्यवृत्ती मिळाली तेव्हा रामेश्वरनं गावात पेढे वाटले होते आणि मोहिनीनं न्हाणीत जाऊन तोंड धुतलं होतं. दोन वर्षांपूर्वीच्या पावसाळ्यात तात्याबाचा कळप डोळ्यांदेखत लोळला होता. परभणीहून जनावरांची डॉक्टर होऊन आलेली लेक हातात सिरिंज घेऊन एकेका मेंढीपाशी बसत होती आणि मेंढ्या तिच्या मांडीवर मान टाकत होत्या. तेव्हा तिनं ठरवलं होतं, हे शिकून यायचं. तेव्हा तिची पोर सुकन्या वर्षाची होती. वर्षाचं मूल आई कुठं गेली ते विचारत नाही. तीन वर्षांचं विचारतं.

"मम्मी, मी पन बॅगेत," सुकन्या म्हणत होती. तिनं एक पाय आत घातलाही होता.

"आधी बॅगेचं वजन बघू दे. भाऊ, शेडातला काटा आण कुणाला तरी सांगून... न्हाई, तूच आण."

चुलीपुढची कडूबाई भाकरी थापता थापता थांबली. "तो काटा नगं. रामा, किराणावाल्याचा आन."

"माय, बॅग हाय ती. बकरू न्हाई."

"तरी बी."

रामेश्वर हसत शेडाकडं गेला. मोहिनीही हसली, पण तिला मायचं म्हणणं ठाऊक होतं. ह्या घरात जन्मलेल्या कुणालाही ते सांगावं लागत नसे. व्यापारी सौद्याला आला की शेडाच्या अँगलला तो गोल तबकडीचा काटा टांगायचा आणि खालच्या आकड्याला जनावर लावायचं. एरवी जनावर कधीच तोलायचं नाही. आणि एकदा काट्याला लावलेलं जनावर, सौदा फिसकटला तरी, पुन्हा वाघरीत, त्या जाळीच्या कुंपणात, घ्यायचं नाही. ते गेलं. दुसऱ्या कुणाला तरी देऊन टाकायचं. कोकरांना जंताचं औषध वजनावर द्यायचं असतं म्हणून तिनं एकदा काटा मागितला, तर बापानं इतकं शांतपणे 'न्हाई' म्हटलं की तिनं छातीला टेप लावून अंदाज काढला होता.

बॅग तेवीसच्या किंचित खाली भरली. रामेश्वरनं टाळी वाजवली. अंगणात बाजेवर बसलेल्या सुभद्राबाईंनी मान हलवली. मोहिनीच्या सासूबाई सकाळीच घाटनांदूरहून आल्या होत्या, येताना वाट वाकडी करून नारायणगडावर गेल्या होत्या. नातीसाठी गडावरचा काळा दोरा आणि अंगारा, सुनेसाठी घरच्या रानातली ज्वारी आणि खोबरं, एवढं मांडीवरच्या पिशवीत होतं. सकाळपासून त्या चार वाक्यंही बोलल्या नव्हत्या. वर्षभर सुकन्यानं पालीत कडूबाईकडं राहायचं, हे मोहिनी आणि तिच्या नवऱ्यानं, धर्मराजनं, ठरवलं होतं. सुभद्राबाईंना फक्त कळवलं होतं.

रामेश्वर बॅग बांधायला आत गेला. काटा तसाच टांगलेला राहिला.

मोहिनीच्या एका हातात तापाच्या औषधाची बाटली होती आणि दुसऱ्यात लाल नेलपॉलिश. मायला आकडे वाचता येत नव्हते, रेघ दिसत होती. बाटलीच्या मापाच्या टोपणावर लाल रेघ मारायची, ताप आला की तिथपर्यंत भरायचं, एवढं सोपं करून ठेवायचं होतं. मागच्या हिवाळ्यात तापात सुकन्याचे डोळे वर गेले होते आणि हातपाय ताठले होते. शेकडो जनावरांना हात लावलेली मोहिनी त्या दिवशी उंबऱ्यात नुसती उभी राहिली होती; पोरीला कुशीवर वळवलं ते धर्मराजनं. तिथं, समुद्रापलीकडं, फोन वाजेल आणि कुणीतरी म्हणेल, पोरीनं डोळे फिरवले. ह्या एका वाक्याला ती गेले कित्येक दिवस भीत होती. बाकी थंडी, इंग्रजी, एकटेपणा, ते सगळं ह्या वाक्याच्या मागं रांगेत उभं होतं.

औषध वजनावर देतात. पोरीचं आजचं वजन हवं होतं.

"झोका घेतीस?" तिनं विचारलं.

सुकन्यानं दोन्ही हात वर केले. मोहिनीनं मायच्या जुन्या लुगड्याची झोळी केली, पोरीला तिच्यात बसवलं, गाठ आकड्याला अडकवली आणि हात सोडला. सुकन्या खिदळली. तबकडीवरचा काटा थरथरत पुढं-मागं होऊ लागला.

"खाली घे!"

कडूबाई दारात उभी होती. हाताला पीठ होतं. "मोहिनी, खाली घे तिला! अगं खाली घे!"

मोहिनीनं पोरीला कवेत घेतलं. झोळी आकड्यावरच लोंबत राहिली. सुकन्या झोक्यात रडली नव्हती. आजीच्या आवाजानं आता भोकाड पसरलं.

"कावून लावलीस गं? कावून लावलीस?"

"औषधासाठी, माय. वजन पाहिजे व्हतं."

"औषध!" कडूबाई मटकन खाली बसली. पिठाचे हात तिनं कपाळाला लावले. आधीची भावंडं जगली नव्हती म्हणून तिचं नाव कडू ठेवलं होतं, काळानं तोंडात घेऊन थुंकून द्यावं म्हणून. त्या नावाच्या जोरावर ती साठी गाठत आली होती आणि अशा गोष्टींशी खेळत नव्हती.

"काय झालं, इनबाई?" सुभद्राबाई बाजेवरून उठल्या.

"काही न्हाई मावशी," रामेश्वर धावत आला. "आमच्याकडं एक जुनं खूळ हाय. काट्याला लावलेलं जनावर परत घरात घ्यायचं नसतं म्हणत्यात. आता पोरगी काय जनावर हाय का?"

त्याला वाटलं आपण हसण्यावारी नेलं. सुभद्राबाई हसल्या नाहीत.

"म्हंजे माझी नात इकली म्हणा की."

तात्याबा उठला. त्यानं झोळी सोडली, काटा काढला आणि शेडामागं नेऊन ठेवला. तो काही बोलला असता तर मोहिनीला भांडता आलं असतं.

"धर्मा," सुभद्राबाई म्हणाल्या, "पोरीचे कपडे भर. मी न्हेते तिला."

धर्मराज मोबाईलवर तिकिटाचा कागद बघत होता. घाटनांदूरला कृषी सहायक असलेला हा माणूस शेतकऱ्यांना तासभर खताबद्दल सांगू शकायचा. आई आणि बायको समोरासमोर आल्या की त्याची जीभ टाळूला चिकटायची. "आई, ठरलंय ना आपलं."

"ठरलं तवा पोरगी काट्याला लागली न्हवती."

धर्मराजनं मोहिनीकडं पाहिलं, मग जमिनीकडं. "आई म्हणतीय तर... थोडे दिवस नेऊ दे. हिकडं सगळ्यांच्याच मनात आलं असंल आता."

"पाव्हणं!" रामेश्वर तडकला. "तुमी शिकल्यालं माणूस. आम्ही अडाणी बोललो तर समजण्यासारखं हाय."

"मी काय वेगळं बोलायलो, भाऊ? पोरीचं भलं..."

"पोरीचं भलं आमच्याकडं न्हाई व्हय? सकाळपासनं बघायलो मी, मावशींच्या मनात काय हाय ते. बहाणाच पाहिजे व्हता."

"रामा," कडूबाई म्हणाली. तिचा आवाज खाली आला होता. "न्हेऊ दे त्यांना."

सगळे तिच्याकडं वळले. मोहिनीला वाटलं, आपण नीट ऐकलं नाही.

"माय?"

"ह्या घरात नगं आता ती. त्या साली तुझ्या बानं एक पिल्लू काट्यावरनं माघारी घेतलं व्हतं. लहान हाय, राहू दे म्हणला. काय झालं त्या सालाला?"

डालग्याखाली कोंडलेलं कोकरू ओरडलं. त्या सालची साथ कशी आली, कुठल्या बाजारातून आली, तपासणीचा अहवाल काय म्हणाला, मोहिनीला सगळं ठाऊक होतं. जंतूचं नाव ठाऊक होतं. आत्ता मायला ते सांगावं म्हणून तिनं तोंड उघडलं आणि तिच्या लक्षात आलं की आपला हात पोरीच्या कपाळावर आहे. ताप आहे का बघतोय आपण. दुसऱ्यांदा बघतोय.

ती आत गेली. बॅगेचा पट्टा सोडला, चेन ओढली आणि एकेक वस्तू बाहेर काढायला लागली. घोंगडी. येसूर. दोन स्वेटर. पुस्तकं. सुकन्या तिच्या कडेवर होती, एका हातानं काढावं लागत होतं.

"काय करायलीस?" रामेश्वर दारात आला.

"म्या न्हाई जायची."

कुणीतरी 'असं कसं' म्हणेल अशी तिला आशा होती, आणि भीतीही. कुणीच म्हणालं नाही. अंगणातून आत पाहणाऱ्या चेहऱ्यांवर तिला काहीतरी सैल झालेलं दिसलं. मायच्या. नवऱ्याच्यासुद्धा. आणि सगळ्यांत आधी सुटकेचा श्वास तिनंच सोडला होता, हेही तिला कळलं.

"ठिव ते परत."

सुभद्राबाई उंबरा ओलांडून आत आल्या होत्या. गुडघ्यांवर हात टेकत त्या बॅगेपाशी बसल्या. घोंगडी उचलली, घडी सारखी केली, बॅगेत ठेवली.

"आत्याबाई, मी..."

"तू गप. लई शिकलीस, आता जरा ऐक. काट्याला लागली म्हंजे इकली. बरं. मग गिऱ्हाइक कोन?"

मोहिनीनं पोरीला दुसऱ्या कडेवर घेतलं.

"इनबाई, हिकडं या. तुमच्यात गिऱ्हाइकाबिगर सौदा होतो का?"

"न्हाई," कडूबाई उंबऱ्याशी आली. "कुणीतरी घ्यावंच लागतंय."

"मग मी घेते." सुभद्राबाईंनी पिशवीत हात घातला आणि ज्वारीची मूठ काढली. "पदर... पदर कुठला तुला. ओढणी धर."

मोहिनीनं ओढणी धरली. ज्वारी तिच्यात पडली. दाणे हलके होते, पण तिचे हात खाली गेले.

"ही घेतली मी. समद्यांनी बघितलं? आता माझ्या जनावराचं मी काय बी करीन. घाटनांदुरात मला एकटीला ही आवरायची न्हाई. धर्मा दिवसभर भायेर. ही पोरगी बाभळीवर चढती, माझे गुडघे न्हाणीपतूर न्हेत न्हाईत." त्या थांबल्या. ते कबूल करायला त्यांना जड गेलं होतं. सकाळपासूनच्या त्या गप्प बसण्यात हेच असावं. "मी अर्धलीनं देते. घेता का, इनबाई?"

अर्धल ह्या घराला नवी नव्हती. आपली बकरी दुसऱ्यानं चारायची, राखायची, होणारी पिल्लं निम्मी-निम्मी. धनी एक, राखणारा दुसरा, आणि दोघांचाही जीव तिच्यात. धर्मराज चार वर्षांचा असताना त्याचा बाप गेला. त्याला वाढवलं ते सुभद्राबाईंनी अर्धलीच्या बकऱ्यांवर. आपल्या हातानं राखलेल्या जनावराला 'हे माझं' म्हणता येत नाही, ते काय असतं, त्यांना माहीत होतं.

कडूबाईनं नवऱ्याकडं पाहिलं. दिवसभरात तात्याबा पहिल्यांदा आपणहून बोलला.

"परक्याचं जनावर राखायला वाघरीत घेत्यात. त्याला हरकत न्हाई."

"घेते," कडूबाई म्हणाली. आणि मग लगेच तिच्यातली मेंढकी जागी झाली. "पर बोली आत्ताच व्हायला पाहिजे, इनबाई. मागनं कटकट नगं."

"दिवाळी माझ्याकडं."

"दिवाळी तुमच्याकडं. संक्रांतीला बोरन्हाण हितं."

"बोरन्हाण झालंय तिचं, काय फसवता!" सुभद्राबाईंच्या ओठाचा कोपरा हलला. "संक्रांत बी माझ्याकडं. उन्हाळा तुमच्याकडं, धरणावर न्यायचं न्हाई."

"बिंदुसरेला? छे. तिथं तर मी रामाला अजून जाऊ देत न्हाई."

"आन् ताप आला तर आधी मला फोन. मग हिला."

"आधी तुमाला," कडूबाई म्हणाली.

अर्धलीत आणखीही एक बोली असते. जनावर राखणाऱ्याकडं मेलं तर त्यानं त्याचे कान आणून धन्याला दाखवायचे, म्हणजे चोरून विकलं नाही हे कळावं. ती बोली कुणी काढली नाही. पण मोहिनीला ती आठवली आणि तिनं पोरीचं डोकं आपल्या खांद्यात दाबून धरलं, दोन्ही कानांवर हात ठेवून.

"मम्मी, गरम होतंय," सुकन्या म्हणाली.

कडूबाईनं तिला मांडीवर घेतलं. फ्रॉक वर करून कमरेचा करदोडा चाचपला. काळा, घामानं विटलेला, त्याला एक बारीक घुंगरू. गाठ घट्ट बसली होती. "कात्री देऊ?" रामेश्वरनं विचारलं, तर दोघी आज्या एकदम त्याच्यावर खेकसल्या. दावं कापायचं नसतं. कडूबाईनं दातांनी गाठ सोडवली. सुभद्राबाईंनी गडावरचा नवा दोरा तिथं बांधला. घेणाऱ्यानं आपलं दावं आणायचं असतं.

"आन् हे?" कडूबाईनं जुना करदोडा पुढं केला.

सुभद्राबाईंनी तो घेतला, तळहातावर घुंगरू एकदा हलवून पाहिलं आणि मोहिनीची मूठ उघडून तिच्यात ठेवला.

"दावं इकणारीपशी राहतं. गोठा रिता होऊ नये म्हणून. घेऊन जा. आन् घेऊन ये."

मोहिनीला रडायचं होतं. जमलं नाही. तिनं नुसता वाकून नमस्कार केला आणि तेवढ्यात बाहेर हॉर्न वाजला.

मग सगळं फार भराभर झालं. रामेश्वर ड्रायव्हरवर ओरडला, "कुठं व्हतास बे? चहा प्यायला बीडला गेलतास का?" बॅग पुन्हा भरली, पुन्हा तोलायची हिंमत कुणाची झाली नाही, रामेश्वरनं एका हातानं उचलून 'बसतंय' म्हटलं. दही हातावर पडलं. अंगारा कपाळाला लागला. तात्याबा गाडीच्या काचेवर हात ठेवून उभा राहिला आणि काच पुसल्यासारखं करून बाजूला झाला.

सुकन्याच्या हातात कुणीतरी कोकरू दिलं होतं. ती रडेल म्हणून सगळे तिच्याभोवती उभे होते. तिनं कोकराच्या पाठीवरून नजर उचलून मोहिनीच्या मुठीकडं पाहिलं.

"माझं घुंगरू."

"माझ्याकडं हाय. आणून देते."

"उद्या?"

धर्मराजनं तिच्या शेजारी बसून दार लावून घेतलं. मोहिनीनं काचेतून मान हलवली. ती हो होती की नाही, हे तिचं तिलाच कळलं नाही. पोरीनं मात्र हो धरलं आणि कोकराचे कान ओढायला लागली.

बिंदुसरेचं पाणी डाव्या हाताला चमकलं, मागं गेलं. ऊन उतरत होतं. मांजरसुंब्याचा घाट यायच्या आत मोहिनीला बोटांना कसलातरी उग्र वास आला आणि ती दचकली. नेलपॉलिश. बाटली पर्समध्ये होती. झाकण ढिलं राहून बोटांना लाल लागलं होतं.

"रेघ," ती म्हणाली. "अहो, रेघ न्हाई मारली. टोपण तसंच राहिलं. थांबवा, गाडी थांबवा."

"निघाल्यावर माघारी फिरू न्हाई, वहिनी," ड्रायव्हर म्हणाला.

"मी फिरत न्हाई. थांबा फक्त."

गाडी कडेला उभी राहिली. धर्मराजनं रामेश्वरला फोन लावला. मोटारसायकल येईपर्यंत मोहिनी रस्त्याकडेला उभी होती. टोपण येईल. पण रेघ कुठं मारायची? माय ओरडली तेव्हा काटा थरथरत होता. तिनं पोरीकडं पाहिलं होतं, मायकडं पाहिलं होतं, तबकडीकडं पाहिलंच नव्हतं. आता तिला पुन्हा कुणी तोलणार नाही. अंदाजानं रेघ मारायची आणि त्या अंदाजावर वर्ष काढायचं.

रामेश्वर आला. घामाघूम. खिशातून टोपण काढून दिलं. "माय म्हणायलीय, आमचं पोरगं कागद गिळून शिकलं आन् हेच विसरलं."

मोहिनीनं नेलपॉलिशचा ब्रश काढला आणि तो टोपणाजवळ नेऊन तशीच थांबली. ब्रशाच्या टोकाशी लाल थेंब जमला.

"अकरा किलोच्या वर एक बारका ठिपका," धर्मराज म्हणाला.

तिनं वळून पाहिलं.

"झोळी धरून साडेअकराला थोडं कमी. मी बघत व्हतो काट्याकडं." तो रस्त्याकडं बघत बोलत होता. "तुमी सगळे ओरडत होता, तवा. मला वाटलं, लागंल तुला."

"मग बोलला का न्हाईत?"

"बोलणार कसं?"

तिनं झोळीचं लुगडं मनात वजा केलं, हिशेब केला, पुन्हा केला, आणि टोपण उजेडाकडं धरून आडवी रेघ ओढली. हात हलू नये म्हणून रामेश्वरनं तिचं मनगट धरलं. त्या मनगटाला करदोडा गुंडाळलेला होता. ट्रक गेला की घुंगरू आपोआप वाजत होतं.

"दे, जातो," रामेश्वर म्हणाला. "अंधार पडंल."

"थांब. ओली हाय. खिशात पुसली जाईल."

आणि घाटाच्या तोंडाशी, मुंबईचं विमान गाठायची घाई असलेल्या गाडीशेजारी उभी राहून ती त्या टोपणावर फुंकर घालत राहिली. पोरीच्या ताटातल्या गरम भातावर घालायची तशी, हलक्या श्वासानं, वाळेपर्यंत.